ऊब

पौष महिन्यातील सकाळ. घोड नदीवरचे धुके अजून पुरते विरले नव्हते. शिरूर तालुक्यातील एका मळ्याच्या वस्तीवर, गोठ्याच्या कोपऱ्यात एक तांबडी कोंबडी अंग फुगवून बसली होती. आठ दिवसांपूर्वीपर्यंत ती साऱ्या अंगणाची मालकीण होती. उकिरडा उकरणे, वाळत घातलेल्या बाजरीवर डल्ला मारणे, अंडे घातले की साऱ्या वस्तीला त्याची वर्दी देणे, हा तिचा नित्याचा क्रम. आता मात्र तिचा आवाज बदलला होता. कोणी जवळ गेले की ती पिसे फुलवी, गळ्यातून खोल, घोगरा सूर काढी, आणि हात पुढे केलाच तर चोच मारी. दाण्यापाण्यावरची तिची वासना उडाली होती. कोंबडी खुडूक झाली होती.

खुडूक कोंबडीकडे पाहण्याच्या दोन दृष्टी आहेत. अंडी विकून चार पैसे मिळविणाऱ्याला ती निरुपयोगी वाटते. कारण ती अंडी घालणे थांबविते. ज्याला घरची कोंबडी वाढवावयाची असते, त्याला मात्र ती एक पर्वणीच वाटते. वस्तीवरची आजी या दुसऱ्या वर्गातली होती. गेल्या सहा-सात दिवसांत तिने चार कोंबड्यांची बावीस अंडी गव्हाच्या कोंड्यात, निमुळते टोक खाली करून, जपून ठेविली होती. आठवड्याहून जुने अंडे उबवणीस घ्यावयाचे नाही, फार मोठे, फार लहान किंवा तडा गेलेले घ्यावयाचे नाही, हे तिला कोणी शाळेत शिकविले नव्हते. पण तिचे कधी चुकतही नसे.

संक्रांतीसाठी दौंडहून आलेली तिची नात हे सारे टक लावून पाहत होती. ती बारा वर्षांची होती. दिवाळीच्या सुट्टीत तिने दुकानातून आणलेले एक पांढरे अंडे कापसात गुंडाळून महिनाभर जपले होते, आणि शेवटी दुर्गंधी सुटल्यावर ते फेकून द्यावे लागले होते. दुकानात येणारी अंडी बहुधा अशा कोंबड्यांची असतात, की ज्यांच्या सहवासात कोंबडा नसतो; अशा अंड्यांत जीव धरतच नाही, हे तिला तेव्हा ठाऊक नव्हते. आजीच्या अंगणात मात्र एक तुरेबाज कोंबडा दिमाखाने फिरत होता.

"आजी, ही एवढी अंडी तिच्या पंखाखाली मावतील का गं?" नातीने विचारले.

"नाही मावायची. बारा ठेवीन. जास्त ठेवली, की कडेची गार पडतात."

"मग उरलेली दहा मला दे. मी दौंडला नेऊन उबवीन."

आजी हसली. "अगं, अंडी नेशील, पण त्यांच्यावर बसणार कोण? तू?"

"दिवा," नात गंभीरपणे म्हणाली.

आजीने तिच्याकडे क्षणभर पाहिले, आणि मग काही न बोलता एका डब्यात बाजरी ओतून तीत दहा अंडी एकेक करून पुरली.

शिरूरहून दौंडला जावयाचे म्हणजे न्हावऱ्यावरून भीमा ओलांडून चौफुल्याला यावयाचे आणि तेथून पाटसमार्गे पुढे. एस. टी. च्या प्रत्येक धक्क्यासरशी मुलगी मांडीवरचा डबा उचलून धरी. दौंडच्या घरी पोचताच तिने प्रत्येक अंडे उजेडात धरून पाहिले. एकही फुटले नव्हते. परंतु प्रवासात हलल्या गेलेल्या अंड्यांना निदान एक रात्र तरी स्वस्थ ठेवावे लागते. आणि तसेही, त्यांच्यासाठी घर अजून बांधावयाचेच होते.

ते घर वडिलांनी बांधले. वडील रेल्वेत सिग्नल खात्यात होते. मनमाड, सोलापूर, पुणे आणि बारामती अशा चार दिशांना जाणाऱ्या गाड्या दौंडच्या जंक्शनात येतात. त्यांना वाट देणाऱ्या तारा आणि कळा सांभाळण्यात त्यांचा दिवस जाई. त्यांनी एक थर्मोकोलची पेटी घेतली, तिला हवेसाठी भोके पाडली, आणि जुन्या यंत्रातला एक छोटा पंखा आत बसविला. अडचण आली ती दिव्याची. हल्लीचे एलईडी दिवे उजेड पुष्कळ देतात, ऊब फारशी देत नाहीत. तारेच्या जुन्या दिव्यासाठी बापलेक चार दुकाने हिंडली, तेव्हा कोठे ४० वॉटचे दोन दिवे मिळाले. वीज खातात आणि उगीच तापतात म्हणून ज्या दिव्यांना लोकांनी घराबाहेर काढले, त्यांचा तो दोषच येथे गुण ठरला! ठराविक उष्णता झाली की दिवे आपोआप बंद व्हावेत आणि ती कमी झाली की पुन्हा लागावेत, अशी कळही वडिलांनी जोडली. खाली पाण्याचे एक पसरट भांडे ठेविले. कारण नुसती कोरडी ऊब अंड्यातला ओलावा शोषून घेते, आणि मग पिलाला कवचाच्या आतले पातळ पापुद्रे चिकटून बसतात.

एक अख्खा दिवस रिकामी पेटी चालवून पाहिली. तापमापकाचा पारा साडेसदतीस अंशांवर स्थिरावला, तेव्हा मुलीने आजीला दूरध्वनी केला. "आजी, आज रात्री मी अंडी ठेवणार. तूही आजच कोंबडीला बसव. बघू कोणाची आधी फुटतात!"

आजीने तोपर्यंत कोंबडीखाली एकच जुने अंडे ठेवून तिला गुंतवून ठेविले होते. त्या रात्री तिने टोपलीत राख आणि पेंढा पसरला, बारा अंडी मांडली, आपल्या रीतीप्रमाणे एक लोखंडी खिळा कडेला खोचला, आणि अंधारातच कोंबडीला उचलून अंड्यांवर बसविले. एकीकडे पंख आणि दुसरीकडे पेटी, अशी एकवीस दिवसांची शर्यत सुरू झाली.

कोंबडीवाचून अंडी उबविण्याची ही हौस काही नवी नव्हे. इजिप्त देशात फार प्राचीन काळापासून मातीच्या मोठमोठ्या भट्ट्यांत अंडी उबवीत असत. त्या कारागिरांजवळ तापमापक नव्हता. ते अंडे आपल्या पापणीला लावून त्याची ऊब पारखीत. पुढे फ्रान्समधील शास्त्रज्ञ रेओम्यूर याने तापमापकाच्या साहाय्याने प्रयोग केले आणि १७४९ साली या विद्येवर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. आज पुण्याजवळ खडकीला राज्य शासनाचे मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. अशा केंद्रांतील आणि खाजगी व्यवसायातील मोठी यंत्रे एका वेळी हजारो अंडी उबवितात आणि तासातासाला ती आपोआप कलती करतात. अधिक अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या जातींतून तर माणसाने खुडूक होण्याचा स्वभावच निवडून निवडून जवळजवळ नाहीसा केला आहे. त्या कोंबड्या जन्मभर अंडी देतात. पण आई होणे त्यांना माहीत नसते. त्यांच्या वाट्याचे आईपण यंत्राने उचलले आहे.

परंतु दौंडच्या पेटीत अंडी फिरविणारे यंत्र नव्हते. ते काम मुलीकडे आले. तिने प्रत्येक अंड्याच्या एका बाजूस शिसपेन्सिलीने फुली आणि दुसऱ्या बाजूस शून्य काढले होते. दिवसातून पाच वेळा ती अंडी उलटी. अंडे एकाच कुशीवर राहिले, तर आतला कोवळा जीव कवचाच्या आतल्या अस्तराला चिकटतो आणि मरतो. फिरविण्याची संख्या विषम ठेवावयाची, म्हणजे रात्रीचा लांब वेळ एक दिवस फुलीच्या कुशीवर आणि दुसऱ्या दिवशी शून्याच्या कुशीवर जातो. पहाटे पाचला उठावयाचे, शाळेला जाण्यापूर्वी एकदा, आल्याबरोबर एकदा, दिवेलागणीस एकदा आणि निजताना एकदा. पहिले चार दिवस यात मौज वाटली. पाचव्या दिवशी पहाटे गजर झाला, तेव्हा बाहेर कडाक्याची थंडी होती आणि गोधडी सोडवेना. त्या वेळी तिला शिरूरची तांबडी कोंबडी आठवली. ती दिवसातून एकदाच, पंधरा-वीस मिनिटांपुरती उठत असे. घाईघाईने चार दाणे टिपी, पाणी पिई आणि धावत परत येई. चोचीने अंडी फिरविण्यासाठी तिला कोणी गजर लावून दिला नव्हता. मुलगी उठली.

सातव्या रात्री खोलीत अंधार करून वडिलांनी पुठ्ठ्याला भोक पाडले, त्यामागे विजेरी धरली आणि एकेक अंडे त्यावर ठेविले. पहिले अंडे आतून उजळले. त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबूस रेषा पसरल्या होत्या आणि मध्ये एक काळा ठिपका हलत होता. मुलीचा श्वास क्षणभर थांबला. त्या ठिपक्यात तिसऱ्या दिवसापासून हृदय धडधडत होते; ती शाळेत गणिते सोडवीत असताना, झोपेत असताना, ते आपले काम करीतच होते. दोन अंडी मात्र अगदी स्वच्छ दिसली. ती फळलेलीच नव्हती. एकात नुसतीच रक्ताची एक गोल कडी दिसत होती. तेथे जीव धरला होता आणि विझला होता. ती तीन अंडी बाजूला काढावी लागली. आता सात उरली.

तेराव्या रात्री दोन वाजता पंख्याची घरघर थांबली आणि त्या शांततेनेच आई जागी झाली. वीज गेली होती. सारी वसाहत काळोखात बुडाली होती. दूर यार्डातून तेवढी एका मालगाडीची शिटी ऐकू येत होती. आईने पेटीवर दोन गोधड्या टाकल्या, चुलीवर पाणी तापविले, ते बाटल्यांत भरून, बाटल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेविल्या. मुलगी मेणबत्तीच्या उजेडात तापमापकाकडे पाहत बसली. पस्तीस. चौतीस. बत्तीस. बाटल्या बदलल्या की पारा थोडा वर चढे आणि पुन्हा उतरू लागे. शेवटी तिला राहवेना. पहाटे तिने आजीला दूरध्वनी केला आणि ती रडू लागली.

आजी म्हणाली, "अगं, रडतेस कशाला? माझी कोंबडी रोज उठून जातेच की. तेवढ्या गारव्यानं अंडी मरत नाहीत. पेटी सारखी उघडून बघत असशील, ती बघू नकोस. झाकून ठेव आणि गप बस."

तिला गप बसणेच सर्वांत कठीण होते. चार तासांनी वीज आली. त्या रात्री पुन्हा अंडी विजेरीवर धरली. सातपैकी सहांत काळोखी हालचाल दिसली. सातवे मात्र निश्चल होते. ते त्या रात्रीच्या गारव्याने गेले, की त्याआधीच, हे सांगता येण्याजोगे नव्हते. तरी तिने ते पेटीतून काढले नाही.

अठराव्या दिवशी अंडी फिरविणे थांबवावयाचे असते. कारण पिलू आता बाहेर पडण्याच्या बेताने आत आपली जागा घेत असते. त्याची चोच अंड्याच्या रुंद टोकाशी असलेल्या हवेच्या पोकळीकडे वळते. कवचातला चुना त्याच्या हाडांत उतरलेला असतो, म्हणून कवचही आता पहिल्याइतके बळकट राहिलेले नसते. मुलीने पाण्याचे भांडे मोठे केले आणि झाकण लावून टाकले. अडीच दिवस तिला करण्यासारखे काहीच नव्हते.

विसाव्या दिवशी संध्याकाळी पेटीतून बारीक आवाज आला. चिव् चिव्! अंडी अजून अखंड होती आणि आवाज अंड्यांच्या आतून येत होता. तिने धावत जाऊन शिरूरला ही बातमी सांगितली. आजी म्हणाली, "इकडंही बोलायला लागलीत. आणि ही कोंबडी खालून आवाज आला, की हळूच गळ्यातून हुंकार देते." मुलीने पेटीकडे पाहिले. तेथे हुंकार देणारे कोणी नव्हते. पंखा तेवढा फिरत होता.

एकविसाव्या दिवशी पहाटे पहिल्या अंड्याला चांदणीसारखा तडा गेला. पिलाच्या चोचीवर एक बारीक, टणक टोक असते. त्याने ते कवच आतून टोचते, थकते, विसावा घेते आणि पुन्हा टोचते. कित्येक तासांनी ते अंगाभोवती फिरत फिरत कवचाची टोपी कापते आणि पायांनी जोर देऊन बाहेर पडते. ओले, लटपटणारे, मान न सावरणारे ते पिलू पाहून आईने "अगंबाई!" एवढेच म्हटले. दुपारपर्यंत पाच पिले बाहेर आली आणि उबेत वाळून पिवळीतांबूस, कापसासारखी झाली.

सहाव्या अंड्याला सकाळीच चीर पडली होती. पण दुपार कलली तरी ती तशीच होती. आतून क्षीण आवाज येत होता. आई बाजारात गेली होती, वडील कामावर होते. मुलीला वाटले, हे पिलू अशक्त आहे, अडकले आहे, आपण मदत केली नाही तर ते गुदमरेल. तिने अंडे हातात घेतले आणि नखाने कवचाचा एक तुकडा काढला. मग दुसरा. मग आतला पापुद्रा ओढला. आणि तिच्या बोटाला रक्त लागले.

पिलाला उशीर झाला नव्हता. ते आपल्या वेळेने चालले होते. अंड्याच्या अस्तरातील रक्तवाहिन्या अजून आटल्या नव्हत्या. पिवळा बलक, ज्याच्या शिदोरीवर पिलू पहिले दोन दिवस दाण्यावाचून राहू शकते, तो अजून पुरता पोटात गेला नव्हता. ही सारी आवराआवर उरकल्यावरच ते बाहेर येणार होते. दिवेलागणीच्या सुमारास ते पिलू मेले.

घरात कोणी तिला बोलले नाही. तिने ते पिलू एका फडक्यात गुंडाळून घरामागच्या कडुलिंबाखाली पुरले, आणि कधी न उघडलेले सातवे अंडेही त्याच्याजवळच ठेविले. वडील कामावरून आले, तेव्हा ती तेथेच बसली होती. ते तिच्या शेजारी बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "गाडी स्टेशनाबाहेर उभी राहिली, की आतल्या माणसांना वाटतं, उगाच थांबलीय. पण सिग्नल मिळाल्याशिवाय ती पुढं नेली, तर घात होतो. अंड्यातला सिग्नल आपल्याला बाहेरून दिसत नाही, बाळ, एवढंच."

"मला त्याला मदत करायची होती, बाबा."

"ठाऊक आहे मला," वडील म्हणाले.

आजीच्या बारांपैकी दहा अंडी फुटली होती. शर्यतीचा निकाल लागला होता. पण त्याची आठवण आता कोणी काढली नाही. प्रश्न होता तो आईवाचूनच्या पाच पिलांचा. आजीनेच उपाय सांगितला. "दोन दिवसांत घेऊन ये. पण रात्री पोच. दिवसा कोंबडी परकं पिलू टोचते."

तिसऱ्या संध्याकाळी एस. टी. ने भीमा पुन्हा एकदा ओलांडली. या वेळी डब्याऐवजी मांडीवर फडके टाकलेली टोपली होती. रात्री कंदिलाची वात बारीक करून आजीने एकेक पिलू कोंबडीच्या पंखाखाली सरकविले. कोंबडीने एकदा घोगरा सूर काढला, पिसे हलविली आणि पाचही पिले त्या उबेत दिसेनाशी झाली.

सकाळी कोंबडी पंधरा पिले घेऊन अंगणात उतरली. आपली किती आणि दुसऱ्याची किती, हे तिने मोजले नाही. ती माती उकरी, कण सापडला की "टुक् टुक्" करून बोलावी, आणि पिले धावत. दहा लगेच धावत. पाच मात्र थोडी थांबून, इतरांकडे पाहून धावत. मुलगी ओट्यावर बसून हे पाहत होती. इतक्यात अंगणावरून एक सावली सरकली. वर घार होती. कोंबडीने एक तीव्र, लांब आवाज काढला. दहा पिले क्षणात तिच्या पंखाखाली गेली. पेटीतली पाच तेथेच, उघड्यावर, गोंधळून उभी राहिली. त्यांनी तो आवाज कधी ऐकला नव्हता. दिव्याने त्यांना ऊब दिली होती, पण घार म्हणजे काय हे तो त्यांना सांगू शकला नव्हता.

मुलगी किंचाळून उठली. पण तिच्याआधी कोंबडी उठली. पंख पसरून, मान ताठ करून, ती त्या पाचांच्या आणि आभाळाच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि सारे अंगण दणाणून टाकणारा आरडाओरडा तिने सुरू केला. घार गोठ्याच्या पत्र्यापर्यंत खाली आली, घुटमळली आणि नदीकडे निघून गेली.

पहिल्या आठवड्यात गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून मानमोडीची लस आणून आजीने पिलांना दिली. दौंडला वडिलांनी पेटी धुऊन, वाळवून माळ्यावर ठेविली. पुढच्या वर्षी ती पुन्हा काढावयाची की नाही, हे मुलीने अजून ठरविले नव्हते. काढलीच, तर काय करावयाचे आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काय करावयाचे नाही, हे मात्र तिला नीट ठाऊक झाले होते.

होळीला ती पुन्हा शिरूरला गेली. एक पिलू बोक्याने नेले होते. उरलेली चौदा अंगभर पिसे फुटून अंगणात बागडत होती. तिने आपली पिले ओळखण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. आजीला विचारले. आजीलाही सांगता आले नाही. इतक्यात गोठ्यावरून एक कावळा उडाला. कोंबडीने तो लांब सूर काढला आणि चौदाच्या चौदा पिले एकदमच तिच्याकडे धावली.